उगवता तारा कोण?

मराठीत एक म्हण आहे, 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.' उर्दूतही ती जवळजवळ याच शब्दांत आहे. 'पूत के पाँव पालने में' असे आपण घरी म्हणतो. जो पुढे मोठा होणार, त्याची चिन्हे लहानपणीच दिसतात, असा या म्हणीचा अर्थ आहे. म्हण म्हणायला सोपी आहे. पण दहा पाळणे समोर असले आणि 'यातले कोणते पाय सर्वांत चांगले?' असे कोणी विचारले, तर मात्र माणूस गोंधळतो.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाला हे काम दरवेळी करावे लागते. तरुण खेळाडूंमधून एक मुलगा आणि एक मुलगी निवडून त्यांना 'रायझिंग स्टार' म्हणजे 'उगवता तारा' हा पुरस्कार दिला जातो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुलींमधला हा मान लखनौच्या मुमताज खानला मिळाला. तिला ३२.९ गुण मिळाले. बेल्जियमची शार्लोट एंगलबेर २८.९ गुणांनी दुसरी आली, तर नेदरलँड्सची लुना फोक्के १६.९ गुणांनी तिसरी.

हा निकाल योग्य होता का? २९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस. तो राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने मी हा प्रश्न माझ्या नववीच्या वर्गात मांडला. फळ्यावर तिघींची नावे लिहिली आणि म्हणालो, "आता तुम्हीच पंच. ज्याला जी योग्य वाटते, तिच्या नावाला हात वर करा."

वर्गात ४२ मुलेमुली होती. मुमताजच्या नावाला ४२ हात वर झाले.

मी विचारले, "का?"

पहिल्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "सर, ती आपली आहे."

दुसरा म्हणाला, "सर, तिची आई भाजीची गाडी लावते. इतक्या गरिबीतून ती वर आली."

तिच्या खेळाविषयी कोणीच काही बोलले नाही. त्यात मुलांचा दोष नव्हता. आपल्या जळगाव-धुळ्याकडे गल्लीत मुलांच्या हाती येते ती क्रिकेटची बॅट. हॉकीची काठी वर्गातल्या बहुतेकांनी चित्रातच पाहिली होती. तरीही मला वाटले, की या दोन उत्तरांवर थांबून चालणार नाही. पुरस्कार द्यायचा तर आधी खेळ पाहिला पाहिजे.

म्हणून आम्ही खेळाचा हिशेब मांडला.

एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम या गावी मुलींचा कनिष्ठ विश्वचषक झाला. भारताच्या संघात मुमताज होती. आपल्या महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्याच्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे याही त्या संघात होत्या. भारताने वेल्सला ५-१ असे हरवले, त्यात मुमताजचा एक गोल. जर्मनीला २-१ असे हरवले, त्यातही तिचा एक गोल. मलेशियावर ४-० असा विजय मिळवला, त्यात तिचे तीन गोल. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाला ३-० असे हरवले, त्यात पहिला गोल तिचाच. उपांत्य फेरीत नेदरलँड्सने भारताला ३-० असे हरवले आणि पुढे तोच संघ विश्वविजेता ठरला. त्यानंतर तिसऱ्या क्रमांकासाठी इंग्लंडशी सामना झाला. तो २-२ असा बरोबरीत सुटला. भारताचे दोन्ही गोल मुमताजचे होते. शेवटी शूटआऊटमध्ये इंग्लंड जिंकले आणि भारत चौथा आला.

सहा सामन्यांत आठ गोल झाले. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत ती तिसरी होती. त्याआधी २०१८ मध्ये ब्युनॉस आयर्स येथील युवा ऑलिंपिकमध्ये भारताच्या मुलींनी रौप्यपदक मिळवले, तेव्हा पंधरा वर्षांच्या मुमताजने दहा गोल केले होते. म्हणजे २०२२ चे यश एका दिवसाचे नव्हते. पाळण्यातले पाय चार वर्षे आधीच हलू लागले होते.

वर्गाला हे ऐकून आनंद झाला. मग मी म्हणालो, "आता कोणीतरी एंगलबेरची बाजू मांडा. वकील नसेल तर खटला कसला?"

थोडा वेळ कोणी उठेना. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती फारशी बोलत नाही. तिने हळू आवाजात विचारले, "सर, मुमताजने हे सगळे गोल मुलींच्या स्पर्धेत केले. मोठ्या बायकांच्या विश्वचषकात ती होती का?"

प्रश्न नेमका होता. जुलै २०२२ मध्ये वरिष्ठ महिलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात मुमताज नव्हती. एंगलबेर मात्र बेल्जियमच्या वरिष्ठ संघातून त्या स्पर्धेत खेळली. समोर दहा-दहा वर्षे खेळलेल्या बचावपटू असताना मैदानात उतरणे आणि आपल्याच वयाच्या मुलींशी खेळणे, यांत फरक आहे. हा आक्षेप मला तेव्हाही रास्त वाटला आणि आजही वाटतो. पहिल्या दोघींमध्ये फक्त चार गुणांचे अंतर राहिले, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

तरीही माझे मत मुमताजलाच आहे. त्याचे कारण सांगतो.

नवोदिताचा मान हा सर्वोत्तम खेळाडूचा मान नव्हे. सर्वोत्तम खेळाडूसाठी वेगळा पुरस्कार आहेच. नवोदिताच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात, असे मला वाटते. पहिली गोष्ट म्हणजे समोरचा संघ कोण होता? दुबळ्या संघावर गोलांचा पाऊस पाडणे सोपे असते. मुमताजचे तीन गोल मलेशियावर आहेत, ते बाजूला ठेवू. तरी जर्मनी, कोरिया आणि इंग्लंड यांच्यावरचे चार गोल उरतातच. दुसरी गोष्ट म्हणजे गरज असताना ती उभी राहिली का? जर्मनीविरुद्ध विजय एकाच गोलाच्या फरकाने झाला. इंग्लंडविरुद्ध तर संघाचे दोन्ही गोल तिचेच होते. तिसरी गोष्ट म्हणजे तिच्याकडे संघाचा किती भार होता? भारतासाठी गोल करण्याचे ओझे त्या स्पर्धेत मुख्यतः तिच्या खांद्यावर होते आणि ते तिने शेवटच्या सामन्यापर्यंत वाहिले. नेदरलँड्सविरुद्ध मात्र तिला गोल करता आला नाही. हेही आपण लपवू नये. ज्याचे आपण कौतुक करतो, त्याची उणी बाजू लपवली तर आपले कौतुक कच्चे ठरते.

आता मुलांच्या त्या दोन उत्तरांकडे येतो.

पहिले उत्तर होते, 'ती आपली आहे.' मराठीत याला चपखल म्हण आहे, 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा.' आपल्या मुलाने खोडी केली तरी ती गंमत. दुसऱ्याच्या मुलाने तीच केली तर तो वाह्यात! पुरस्कारांच्या बाबतीतही असे घडते. २०२१ मध्ये हॉकी महासंघाने आठ पुरस्कार जाहीर केले आणि आठही भारताला मिळाले. मुलांमधला उगवता तारा विवेक सागर प्रसाद ठरला आणि मुलींमधली शर्मिला देवी. आपल्याकडे आनंदीआनंद झाला. पण त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सुवर्णपदक बेल्जियमने जिंकले होते आणि महिलांचे नेदरलँड्सने. भारताच्या पुरुषांनी कांस्यपदक मिळवले होते. महिला चौथ्या आल्या होत्या. सुवर्णपदक जिंकूनही एकही पुरस्कार मिळत नाही, तर ही पद्धतच चुकीची आहे, असे बेल्जियमने उघड बोलून दाखवले.

त्या वेळी निम्मे वजन राष्ट्रीय संघटनांच्या मतांना होते. पाव वजन चाहते व खेळाडूंच्या मतांना आणि पाव वजन पत्रकारांच्या मतांना होते. ज्या देशात चाहते जास्त, त्या देशाला त्यात फायदा होणे साहजिक आहे. आपल्या खेळाडूंनी त्या वर्षी चांगला खेळ केला, यात शंका नाही. चार दशकांनंतर ऑलिंपिकचे पदक आले होते. पण आठपैकी आठ? बेल्जियमच्या जागी आपण असतो, तर आपल्याला काय वाटले असते? हा प्रश्न मी वर्गात विचारला, तेव्हा वर्ग गप्प झाला.

२०२२ मध्ये पद्धत बदलली. जाणकारांच्या समितीला ४० टक्के वजन मिळाले. संघांचे कर्णधार व प्रशिक्षक, चाहते आणि पत्रकार यांना प्रत्येकी २० टक्के मिळाले. या नव्या पद्धतीत मुमताज पहिली आली. म्हणून तिचा मान मला अधिक मोलाचा वाटतो. 'हे तर चाहत्यांच्या गर्दीने मिळाले' असे आता कोणी सहज म्हणू शकत नाही. आपल्या माणसाचा आपण आंधळा कैवार घेतला, तर त्याचे खरे यशही लोकांना संशयास्पद वाटू लागते. न्यायाचा पहिला फायदा आपल्याच माणसाला होतो, हे आपण ओळखले पाहिजे.

दुसरे उत्तर होते, 'तिची आई भाजीची गाडी लावते.' हे खरे आहे. कोरियाविरुद्ध मुमताजने गोल केला, त्या वेळी तिची आई लखनौमध्ये भाजीच्या गाडीवर काम करत होती, असे वर्तमानपत्रांत आले होते. वाचून कोणाचेही मन भरून येईल. पण या कारणासाठी तिला पुरस्कार द्यावा का?

मला वाटते, मुळीच नाही. हे मी एका चुकीतून शिकलो. ती चूक माझी स्वतःची आहे.

मी नुकताच बी.एड. होऊन धुळे जिल्ह्यातील एका शाळेत लागलो होतो. वार्षिक क्रीडास्पर्धेत उत्कृष्ट नवोदित खेळाडूचे बक्षीस कोणाला द्यायचे, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. धावण्यात आणि लांब उडीत आठवीतली एक मुलगी सर्वांच्या पुढे होती. पण दुसऱ्या क्रमांकावर एक मुलगा होता आणि त्याचे वडील दोनच महिन्यांपूर्वी वारले होते. मी बक्षीस त्या मुलाला दिले. मला वाटले, मी मोठे पुण्याचे काम केले. समारंभ संपल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला. बक्षिसाचा कप त्याने माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सर, ती पुढे होती. सगळ्यांनी पाहिलंय." मी त्याला समजावून कप परत दिला. पण त्याने तो घरी नेला की नाही, हे मला माहीत नाही. पुढच्या वर्षी ती मुलगी मैदानावर आली नाही. मी विचारले, तेव्हा तिने अभ्यासाचे कारण सांगितले.

मी दोघांचेही नुकसान केले होते. मुलीचा हक्क मी काढून घेतला आणि मुलाच्या हाती त्याच्या दुःखाची पावती दिली. त्याला पावती नको होती. पुढच्या वर्षी धावून जिंकण्याची संधी त्याला हवी होती.

म्हणून मुमताजला तिच्या गरिबीसाठी मान मिळाला, असे म्हणणे मला तिच्यावर अन्याय करणारे वाटते. तसे म्हटले, की तिचे आठ गोल झाकले जातात आणि भाजीची गाडी तेवढी पुढे येते. गाडी तिच्या आईच्या कष्टाची आहे. गोल तिचे स्वतःचे आहेत.

यावर एका मुलाने मला अडवले. तो म्हणाला, "सर, मग लालरेमसियामीचे काय?" या मुलाने वर्तमानपत्र वाचले होते, याचा मला आनंद झाला. लालरेमसियामी ही मिझोरममधील कोलासिब गावची. जून २०१९ मध्ये जपानमधील हिरोशिमा येथे स्पर्धा चालू असताना तिच्या वडिलांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता. ती घरी परतली नाही. ती खेळली, संघ अंतिम सामनाही जिंकला आणि मगच ती आईकडे गेली. २०१९ चा उगवत्या ताऱ्याचा पुरस्कार तिलाच मिळाला. मग तो दुःखासाठी मिळाला का?

मी म्हणालो, "दुःखाला गुण नसतात. पण दुःखातही खेळ बिघडू दिला नाही, तर त्या खेळाला गुण असतात." मन स्थिर ठेवणे हाही खेळाचाच भाग आहे आणि तो मैदानावर दिसतो. घरची परिस्थिती मैदानावर दिसत नाही. फरक एवढाच आहे. लालरेमसियामीची आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. ती राष्ट्रीय शिबिरात आली, तेव्हा तिला हिंदी येत नव्हती. मैत्रिणींशी ती खाणाखुणांनी बोलत असे. हळूहळू ती भाषा शिकली. मराठीच्या तासाला ज्यांची जीभ अडखळते, त्यांनी तिची आठवण ठेवावी.

त्याच २०१९ मध्ये मुलांमधला मान विवेक सागर प्रसादला मिळाला होता. त्याचे गाव मध्य प्रदेशात इटारसीजवळ आहे. भुसावळहून खंडव्यामार्गे जाणारी गाडी इटारसीला पोहोचते; म्हणजे तो आपल्याच रेल्वेमार्गावरचा मुलगा. वडील प्राथमिक शिक्षक. अकोल्याच्या एका स्पर्धेत ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोक कुमार यांनी त्याचा खेळ पाहिला आणि त्याला भोपाळच्या अकादमीत नेले. जानेवारी २०१८ मध्ये तो भारताच्या वरिष्ठ संघातून पहिला सामना खेळला, तेव्हा त्याला अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पुढे टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात तो होता. त्याच्या बाबतीत पाळण्यातले पाय बरोबर ओळखले गेले.

मुमताजची वाट थोडी लांबची ठरली. पण २०२५ मध्ये चीनमधील हांगझाऊ येथे आशिया चषक झाला, तेव्हा ती भारताच्या वरिष्ठ संघात होती आणि त्या संघाने रौप्यपदक मिळवले. मागच्या बाकावरच्या मुलीने जो आक्षेप घेतला होता, त्याचे उत्तर मुमताज आता स्वतःच देत आहे.

मग गरिबीचा, अडचणींचा विचार कुठेच करायचा नाही का? करायचा, पण योग्य जागी करायचा. बक्षीस देताना नव्हे, तर संधी देताना करायचा. लखनौच्या के. डी. सिंग बाबू स्टेडियममध्ये नीलम सिद्दीकी यांच्यासारख्या प्रशिक्षिका मुमताजला भेटल्या, म्हणून तिचे पाय दिसले. विवेकला अशोक कुमार यांनी पाहिले, म्हणून तो दिसला. ज्या मुलीला कोणी मैदानापर्यंत येऊच दिले नाही, तिचे नाव कोणत्याही यादीत येत नाही आणि तिच्यासाठी कोणी हात वर करत नाही. काठी, बूट, मैदान आणि शिकवणारे माणूस हे देताना ज्याच्याकडे काही नाही, त्याला आधी द्यावे. शर्यत संपल्यावर मात्र जो पुढे असेल, त्यालाच पुढे म्हणावे.

तास संपायला पाच मिनिटे होती. मी पुन्हा मत घेतले. या वेळी मुमताजला ३३ मते पडली आणि एंगलबेरला ९. मी स्वतः मुमताजच्या बाजूचा. तरी मला त्या नऊ हातांचा जास्त आनंद झाला. 'ती आपली नाही, तरी तिची बाजू मजबूत आहे' असे म्हणायला धीर लागतो. आणि उरलेल्या ३३ जणांना मी पुन्हा 'का?' असे विचारले, तेव्हा पहिल्या बाकावरच्या त्याच मुलाने उत्तर दिले, "सर, जर्मनीविरुद्धचा गोल."

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेतही क्रीडास्पर्धा होतात. वर्गाचा संघ निवडताना, प्रतिनिधी निवडताना किंवा निबंधाला पहिला क्रमांक देताना तुम्हालाही पंच व्हावे लागते. त्या वेळी हात वर करण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. हा माझा मित्र, माझ्या मोहल्ल्यातला किंवा माझ्या घरचा नसता, तरी मी त्यालाच मत दिले असते का? आणि दुसऱ्याची बाजू मी नीट ऐकून घेतली आहे का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' आले, तर निश्चिंत मनाने हात वर करा.